रिकाम्या नावाचं खातं

३ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आपल्या दवाखान्यात एकशे चाळीस माणसं काम करतात आणि कॉम्प्युटरच्या मते इथे एकच माणूस आहे." खरं आहे. सगळे एकाच नावानं लॉगिन करतात. नाव 'दवाखाना', पासवर्डही 'दवाखाना'. तो बागेतल्या माळ्यालाही पाठ आहे. पेशंटची नोंद कोणी टाकली, कोणी बदलली, देवालाही सांगता येणार नाही. आता नवीन डेटाबेस येतोय. त्यात प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड हवा. नावं कशी द्यायची, कुलपं कशी लावायची, हे सगळं मी ठरवायचं. दोन आठवड्यांत.

मी हो म्हणाले. नाही म्हणता न येणं हा माझा जुना आजार. रेकॉर्ड विभागात आठ वर्षं डेटाबेस सांभाळते आहे, पण सांभाळणं वेगळं आणि घडवणं वेगळं. मोठे डॉक्टर म्हणाले, ठरवाल ते लिहून ठेवत जा. ऑफिसच्या वहीत ठरलेलं लिहीन. न ठरलेलं इथे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नावांनीच डोकं खाल्लं. आधी वाटलं, सोपं आहे, नाव आणि आडनाव. यादी काढली तर आमचा इलेक्ट्रिशियन आणि एक्स-रेवाला यांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं एक. मग प्रसूती विभागातली सिस्टर आली. तिचा घटस्फोट झालाय, ती माहेरचं आडनाव लावणार आहे. "माझ्या जुन्या नोंदी कोणाच्या नावावर राहणार मग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बघते. काय बघणार, कप्पाळ!

दुपारी चहाला भिंगरीला सांगितलं. भिंगरी म्हणजे आमच्या लॅबची प्रमुख तंत्रज्ञ. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून मीच तिचं हे नाव पाडलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तिनं कप खाली ठेवायच्या आत प्रश्न सोडवला.

"नंबर दे सगळ्यांना. नंबराचं लग्न होत नाही आणि मोडतही नाही."

तसंच ठरवलं. विभाग आणि नंबर. नोकरी सोडून गेलेल्याचा नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. भिंगरी लॅब०१. मी रेकॉर्ड०१. "म्हणजे दोघीही एक नंबर," ती म्हणाली आणि पळाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीच्या माणसाशी तासभर फोन. डोकं भणभणतंय. समजलं तेवढं लिहिते, म्हणजे खरंच समजलंय का ते कळेल.

या डेटाबेसला नुसतं 'कोण' पुरत नाही, 'कुठून'ही लागतं. खातं म्हणजे नाव अधिक यंत्र. लॅब०१ आपल्या टेबलावरून आली तर ती एक, आणि खालच्या मजल्यावरून आली तर ती दुसरी असू शकते. मी म्हटलं, अहो, बाई तीच आहे ना? तो म्हणाला, तुमच्या मते. मी सगळ्यांना 'कुठूनही' असं लिहून टाकलं, म्हणजे कटकट मिटली.

आणखी एक. आलेला माणूस यादीतल्या दोन ओळींत बसत असेल, तर ज्या ओळीत यंत्र नेमकं लिहिलंय ती ओळ आधी धरायची. 'कुठूनही'वाली मागून. नाव जुळतंय की नाही हे त्यानंतर. "आणि नावाची जागा रिकामी असेल तर कुठलंही नाव त्यात बसतं," असंही तो म्हणाला. मी हं हं म्हणत लिहून घेतलं. हे कशाला लागतं कोण जाणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पासवर्डचे नियम लावले. आठ अक्षरं, एक आकडा, दर महिन्याला बदल. सकाळी फेरी मारली तर चार जणांनी पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला. एकानं वर 'गुप्त' असं लिहून खाली लाल रेघ मारलेली.

घरी ही गंमत सांगितली. हे लिफ्टचे मेकॅनिक, त्यांना हसू आवरेना. सासूबाई मात्र गंभीर. "त्यांचं काय चुकलं? माणसानं लक्षात काय काय ठेवायचं?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सुरू झालं. मेले मी.

नऊला नमुने घेण्याच्या काउंटरवर रांग दारापर्यंत. नेमक्या आजच लॅबनं बाहेरून तीन बदली मुली आणलेल्या, त्यांची खाती माझ्या यादीतच नाहीत. पेशंट ओरडताहेत, काउंटरवरची मुलगी रडायला आलेली. मोठे डॉक्टर माझ्यामागे उभे. साडेदहाला मी काउंटरच्या यंत्रासाठी एक तात्पुरतं खातं केलं. नावाची जागा रिकामी, पासवर्ड काहीही चालेल, अधिकार लॅब०१चे. म्हणजे त्या यंत्रावर कोणीही बसलं तरी काम पुढे सरकावं. रांग हलली. उद्या काढून टाकायचं.

तरी नोंदींचा ढीग साचलेला. म्हणून बारा ते दोन मीच काउंटरला बसले. भिंगरी शेजारी उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती, मी टाकत होते. मी मात्र माझ्या नावानं, माझ्या पासवर्डनं आत शिरले. नियम करणारीनं नियम मोडायचा नसतो. साठ-सत्तर नोंदी टाकल्या असतील. शेवटी शेवटी अक्षरं पोहायला लागली. भिंगरी म्हणाली, "ऊठ आता, तुझे डोळे बघ." दोघी उभ्या उभ्या बिस्किटं खाल्ली.

पण चालू झालं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मधले तीन दिवस तापानं घरी. आज आले तर सगळं सुरळीत. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले, पाठ थोपटायचीच बाकी ठेवली.

पहिला आठवड्याचा अहवाल काढला. कोणी, कधी, कुठून, काय केलं, सगळं ओळीनं. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. सगळ्यात जास्त नोंदी लॅब०१च्या. भिंगरीला चिडवलं, "काय गं, इतकं काम करतेस आणि सांगत नाहीस?"

"मी? मी तर तीन दिवस खाली रक्तपेढीत होते."

"मग भूत काम करत असेल तुझं."

खूप हसलो. तिला दोन महिन्यांनी रक्तपेढीचं प्रमुखपद मिळणार आहे, त्यासाठी ती आतापासून तिकडे जाते. तिच्या हिशेबात दिवस नेहमीच इकडचे तिकडे होतात.

१० मार्च, सोमवार

भयंकर प्रकार होता होता टळला. एक म्हातारे सुतार, कंबरेच्या ऑपरेशनला आलेले. रक्त कमी पडलं. नोंदीत रक्तगट बी, म्हणून बीची पिशवी आली, आणि घाईघाईत क्रॉसमॅचच्या, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायच्या, आधीच वॉर्डात पोहोचली. वॉर्ड सिस्टर हट्टी. तिनं पिशवी लावायच्या आधी बोटाला सुई टोचून पुन्हा गट पाहिला. ओ निघाला. बीचं रक्त चढलं असतं तर म्हातारा गेला असता.

दवाखान्यात सगळे दबक्या आवाजात बोलताहेत. मला एकच वाटत राहिलं: आता माझी यंत्रणा काय ते सांगेल. आधीसारखा अंधार नाही.

११ मार्च, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांसमोर अहवाल काढला. ती रक्तगटाची नोंद १७ फेब्रुवारीची, दुपारी बारा चाळीसची, काउंटरच्या यंत्रावरून. नाव: लॅब०१.

लिहायला लाज वाटते, पण आधी आनंद झाला. एका झटक्यात उत्तर! मग लक्षात आलं, लॅब०१ कोण ते. कागद द्यायला हात पुढे होईना. डॉक्टरांनीच तो ओढून घेतला.

१२ मार्च, बुधवार

चहाला भिंगरीला गाठलं. तिला कळलेलंच होतं.

"तू टाकलीस का गं ती नोंद?"

"मी त्या यंत्राला हात लावल्याचं मला आठवत नाही." आणि मग, "त्या दिवशी तूच टाकत होतीस ना? मी वाचत होते."

"मी टाकलेल्या माझ्या नावावर असतील. मी रेकॉर्ड०१ म्हणून आत गेले होते. मध्येच तू बसली असशील. मी पाणी प्यायला उठले तेव्हा."

"तू उठली होतीस?"

मला आठवेना. उठले असेन, दोन तास कोण सलग बसतं? ती माझ्याकडे बघत राहिली. "असेल," म्हणाली आणि कप अर्धा टाकून गेली.

काय समजायचं? एकोणीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोललेली नाही. आणि अहवालाला खोटं बोलायचं काही कारण नाही. दोन्ही खरं कसं असेल?

१३ मार्च, गुरुवार

चौकशी समिती. मोठे डॉक्टर, मेट्रन, बाहेरचा एक डॉक्टर. यंत्रणा समजावून सांगायला मीही. अहवालावर विश्वास ठेवता येईल का, असं बाहेरच्यानं मला विचारलं. मी म्हटलं, येईल. दुसरं काय म्हणणार? तो मीच बनवलाय.

मूळ चिठ्ठी भिंगरीच्या हस्ताक्षरातली, तिच्यावर स्पष्ट 'ओ'. म्हणजे चूक टाकताना झालेली. भिंगरीला विचारलं, कोणी टाकलं? ती म्हणाली, "चिठ्ठी माझी आहे. वाचली मीच. बाकी अहवालात आहे तेच." त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळत होते. "नाही," म्हणाली.

चौकशी संपेपर्यंत तिनं कामावर यायचं नाही.

माझा जीव गोळा झाला, पण मनात आलं, जिची चूक नसते ती अशी गप्प बसते का? भिंगरी तर भांडून घर डोक्यावर घेणारी.

१६ मार्च, रविवार

सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या, "ती तुझी भिंगरी बऱ्याच दिवसांत फोनवर नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू केलास का तिला फोन?"

"तिनं करायला हवा, आई. काय झालं ते तिनं सांगायला हवं."

"आणि तो सुतार? बरा आहे का तो?"

मला माहीत नव्हतं. त्या भाजी जरा जोरातच मोडायला लागल्या.

हे म्हणाले, मागच्या आठवड्यात एका इमारतीत लिफ्टवर आकडा तीनचा आणि लिफ्ट उभी दुसऱ्यावर. लोक आकडा बघून दार उघडतात. "मग?" "मग काय, मी आकड्याची वायर तपासली. लिफ्टला शिव्या नाही घातल्या." मी म्हटलं, आमचा आकडा बरोबर आहे. ते म्हणाले, बरं.

१९ मार्च, बुधवार

रक्तपेढीचं प्रमुखपद दुसऱ्याला दिलं. चौकशी चालू असलेल्या बाईला कसं द्यायचं, असं मेट्रन म्हणाली. लॅबमधल्या मुली मला बघून बोलायच्या थांबतात. माझं काय चुकलं? मी नुसतं कागदावर होतं ते दाखवलं.

चहाला एकटीच गेले. कप हातात तसाच राहिला.

२४ मार्च, सोमवार

नीट लिहायला हवं.

काउंटरचा प्रिंटर अडला म्हणून खाली गेले होते. त्यांच्या यंत्रावर लॉगिन केलं. गेल्या आठवड्यातच माझा पासवर्ड बदललाय आणि सवयीनं मी जुनाच टाकला. एंटर दाबल्यावर लक्षात आलं. पण यंत्रानं मला आत घेतलं.

वाटलं, नजरचूक. बाहेर आले. पुन्हा माझं नाव, आणि पासवर्ड 'कखग'. आत! पासवर्डची जागा रिकामी ठेवली. आत!

डेटाबेसला दोन प्रश्न विचारता येतात. एक, मी कोण म्हणून आले? दोन, तू मला कोण समजतोस? मी दोन्ही विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, रेकॉर्ड०१. दुसऱ्याचं, लॅब०१.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी आणू का?"

वर येऊन यादी काढली. तिथे ती ओळ. यंत्र: काउंटर. नाव: काही नाही. मीच केलेली, आणि तापात पडल्यावर साफ विसरलेली. त्या यंत्रावर सव्वा महिन्यात जो कोणी बसला, त्याचं नाव न बघता डेटाबेसनं त्याला भिंगरी समजलं. आणि माझा तो स्वच्छ अहवाल दुसरंच उत्तर लिहून घेतो, पहिलं घेतच नाही. नेमकी ओळ आधी, हे मी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं. हं हं म्हणत.

भिंगरीनं केलं नाही. म्हणजे, तिनं केलं असं म्हणायला काही आधार नाही. एवढं हलकं वाटलं की मोठ्यानं हसले.

२५ मार्च, मंगळवार

मग कोणी केलं? बदली मुलींपैकी एखादीनं असणार, असं मनात धरूनच आले.

डेटाबेस आणखी एक रजिस्टर ठेवतो. दारावरच्या पहारेकऱ्यासारखं. आलेल्यानं कुठलं नाव सांगितलं आणि तो कधी आला, कधी गेला, एवढंच त्यात असतं. ते कोणी वाचत नाही, मीही कधी उघडलं नव्हतं. १७ फेब्रुवारी, काउंटर. बारा वाजून तीन मिनिटांनी एकजण आत आलंय. एक अठ्ठावन्नला बाहेर. मध्ये कोणी बाहेर पडलेलं नाही, दुसरं कोणी आत शिरलेलं नाही.

रेकॉर्ड०१.

बराच वेळ बघत बसले. भिंगरी 'ओ' वाचतेय आणि माझं बोट यादीत वरच्या 'बी'वर थांबतंय. मला ते आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. पण दुसरं कोणी नव्हतंच तिथे.

हे रजिस्टर पुसायचा अधिकार दवाखान्यात एकाच खात्याला आहे. माझ्या. पुसलं तर कोणालाही कळणार नाही. रिकामं खातं दाखवायचं, कोणी टाकलं ते कळत नाही म्हणायचं, भिंगरी सुटेल. मी दोनदा ती आज्ञा टाइप केली आणि दोनदा खोडली. मी चांगली बाई आहे असं मला वाटत होतं.

२६ मार्च, बुधवार

सकाळी मोठ्या डॉक्टरांना खात्याचं सांगितलं. रजिस्टरचं नाही सांगितलं.

ते खूश झाले. "म्हणजे तांत्रिक दोष! कोणाचीच चूक नाही. उत्तम. तसं लिहून द्या, विषय संपला."

कोणाचीच नाही. नाव रिकामं.

दुपारी रजा टाकून भिंगरीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. ती कपाट आवरत होती. सगळे कपडे पलंगावर. मी उभ्यानंच सांगितलं. रिकामं खातं, दारावरचं रजिस्टर, वेळ, माझं नाव. ती ओढणीची घडी घालत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"खात्याचं?"

"खात्याबित्यातलं मला काय कळतं! तू उठली नव्हतीस, हे माहीत होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होते दोन तास."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना. तुलाच बोलले. त्या बुधवारी, चहाला."

"समितीपुढे का नाही बोललीस?"

"तू समोर बसली होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तू सांगशील. आज नाही तर उद्या. इतके दिवस वाटत होतं."

मी रडायला लागले. तिनं जवळ घेतलं नाही. पाण्याचा ग्लास आणून पलंगाच्या कडेला, कपड्यांच्या मध्ये ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर नाव ढकलतेयस. तुला खरंच कळलं नव्हतं?"

"नाही गं."

"हे जास्त वाईट की ते, मला ठरवता येत नाहीये."

मलाही.

२७ मार्च, गुरुवार

कामावर जाण्याआधी वॉर्डात गेले. सुतारकाका अजून आहेत. पाय टेकून चालताहेत, उद्या घरी जाणार. मी म्हटलं, तुमचा रक्तगट चुकीचा लिहिला तो मी. त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"बी काय नि ओ काय, मला काय कळतंय? ती सिस्टर दुसऱ्यांदा सुई टोचायला आली म्हणून मी तिच्यावरच खेकसलो होतो." मग म्हणाले, "आमच्यातही होतं. माप चुकतं. लाकूड कापून झाल्यावर कळतं."

"मग काय करता?"

"घरमालकाला सांगतो. न सांगता ठोकलं तर दार कधी ना कधी अडतंच."

अकराला डॉक्टरांना पत्र दिलं. तांत्रिक दोष आहे असं लिहिलं, तो माझ्यामुळे झाला असं लिहिलं, आणि ती नोंद मी टाकली असंही लिहिलं. सोबत रजिस्टरची प्रत. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, शेवटच्या दोन ओळींची गरज होती का?" मी म्हटलं, होती. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. भिंगरी निर्दोष, सोमवारपासून कामावर. रक्तपेढी मात्र गेली ती गेलीच, दिलेलं पद काढून घेता येत नाही म्हणे. मला लेखी ताकीद, आणि यंत्रणेच्या चाव्या माझ्याकडून काढून घ्यायचं ठरलं. पुढच्या महिन्यात कंपनीची एक बाई येईल, ती आल्यावर मी तिच्या हाताखाली. तोवर मीच. दुसरं कोणी नाही म्हणून.

काउंटरचं खातं काढलं. अहवालात आता दोन रकाने आहेत: कोण म्हणून आला, आणि कोण समजलं गेलं. दोन्ही वेगळे निघाले तर ओळ लाल होते. त्या सव्वा महिन्यातली काउंटरची प्रत्येक नोंद आम्ही चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. आणखी दोन चुका सापडल्या. एक बदली मुलीची. एक माझी.

ह्यांनी विचारलं, "आता बरं वाटतंय का?" मी म्हटलं, माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "वाटायची घाई काय आहे?"

७ एप्रिल, सोमवार

भिंगरी आली. नऊ वाजता माझ्या दारात, हातात पिशवी, केस कापलेले. मी खुर्चीतून उठले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं.

"खातं बंद आहे माझं," ती म्हणाली. "सुरू करून दे."

खुर्ची तिला दिली. लॅब०१ तसंच होतं, फक्त नवीन पासवर्ड लागणार होता. मी पान उघडून दिलं. "आठ अक्षरं. एक आकडा तरी हवा."

"माहीत आहे."

तिचे हात कळफलकावर आले आणि थांबले. तिची नजर पडद्यावरच होती. मला एक क्षण कळलं नाही ती कशासाठी थांबलीय. मग कळलं.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी सायकल उभी करत होतं, ती सारखी कलंडत होती. मागे कळा वाजत होत्या. आठच्या पुढे मोजल्या नाहीत.

"दोनदा टाकायचा ना?"

"हो. तोच, पुन्हा."

पुन्हा कळा वाजल्या. मग काही नाही.

"झालं?" मी विचारलं.

"जुळला नाही म्हणतंय." आणि थोड्या वेळानं, "थांब तशीच. परत टाकते."

मी तशीच उभी राहिले.